करंगळीवरचा नावाडी

आमच्या भागातल्या निम्म्याअधिक मुलांना ज्यांनी बारावीची भाषा शिकवली, त्या सरांचं खरं आडनाव विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. सगळे त्यांना पाचबोटे सर म्हणतात. पोस्टमनसुद्धा. एकदा खऱ्या आडनावानं पाकीट आलं, तर त्यांच्या बायकोनंच ‘इथं असं कुणी राहत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं.

इस्त्रीवाल्याच्या दुकानावर त्यांची खोली. खाली इस्त्री तापली की वरची फरशी तापते, त्यामुळे मुलं चपला काढायला तयार नसतात आणि सरांची बायको दारात बसून त्या काढायला लावते. भिंतीवर आधीच्या वर्षांच्या गुणवंतांचे फोटो. त्यातले दोघे आता स्वतः क्लास काढून बसलेत, म्हणून सरांनी त्यांचे फोटो काढून टाकले. खिळे मात्र तसेच ठेवलेत, ‘बघा, इथून गेले,’ असं दाखवायला. सर उंच, थोडे वाकलेले, खिशात चार रंगांची पेनं. त्यांतलं एकच चालतं.

अभ्यासाला एक जुनं नाटक आहे, पाच अंकांची शोकांतिका. एक राजा प्रधानाच्या नादी लागून थोरल्या मुलाला राज्याबाहेर काढतो. मग पस्तावतो आणि ऐन पुरात राणीला घेऊन, नावेत बसून त्याला शोधायला निघतो. प्रधानानं नावेत चोरून सोन्याच्या पेट्या भरलेल्या असतात. नावाडी सांगत असतो, ओझं जास्त झालंय. त्याचं कोण ऐकतं? या नाटकावर बोर्डाच्या परीक्षेत भरघोस गुण असतात, आणि ते गुण सरांनी आपल्या उजव्या हातावर बसवलेले आहेत.

म्हणजे असं. पाच बोटं, पाच पात्रं. प्रत्येक बोटाला तीन पेरं, म्हणून प्रत्येक पात्राला तीन गुण. “माणसाचा स्वभाव तीन पेरांत बसतो,” असं सर सांगतात, “चौथं पेर देवानं दिलेलंच नाही.” तर्जनी म्हणजे प्रधान, कारण तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो: गोडबोल्या, धूर्त, कृतघ्न. मधलं बोट थोरला राजपुत्र: उंच, मानी, अभागी. अनामिका राणी: सोशिक, सोशिक आणि अतिसोशिक. करंगळी नावाडी: गरीब, प्रामाणिक, शेवटी मरतो. मरणं हा गुण कसा, हे कुणी विचारलेलं नाही. राजा अंगठ्यावर. अंगठ्याला पेरं दोनच, म्हणून राजाला गुणही दोनच, शूर आणि संशयी. “तिसरं पेर असतं तर राजा वाचला असता!” असं सर दरवर्षी म्हणतात, आणि मुलं दरवर्षी माना डोलावतात.

अलंकारांची सोय तर त्याहून सोपी. ‘सारखा’ दिसला की उपमा. दिसला नाही आणि वाक्य तरी छान वाटलं की रूपक. काहीच कळलं नाही की चेतनगुणोक्ती. ‘माझं राज्य गळक्या नावेसारखं झालं’ असं राजा म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात काय कालवलं असेल, याच्याशी सरांना कर्तव्य नव्हतं. ‘सारखं’खाली रेघ मारली, गुण मिळाला, राजा गेला खड्ड्यात.

आणि गुण मिळत, हे नाकारता येत नाही. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात. पण सरांच्या क्लासातून बाहेर पडणारा प्रत्येक हात मात्र अगदी सारखा असायचा.

माझी लेक तिथं गेली ती माझ्यामुळे. ती तशी गप्प, पण वाचायला बसली की छापलेलं सगळं वाचते. औषधाच्या बाटलीवरचं वाचते, साबणाच्या वेष्टनावरचं वाचते. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. अट एकच, प्रवेशाच्या महिन्याच्या अखेरीआत बारावीचा निकाल हातात हवा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तिची भाषा कच्ची नव्हती, पण मी पडले धास्तावणारी. गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणारी बाई मुलीची बारावी देवाच्या भरवशावर कशी सोडेल? म्हणून पाचबोटे सर.

परीक्षेच्या थोडं आधी ती क्लासमधून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, “आई, नावाडी मरत नाही.”

“कोण नावाडी?”

“नाटकातला. सर सांगतात मरतो. पुस्तकात नाही मरत. पाचव्या अंकात सगळे बुडतात, तो एकटा वाचतो. शेवटचं भाषणच त्याचं आहे.”

“मग सरांना सांगायचंस.”

“सांगितलं ना. ते म्हणाले, तू लेखकापेक्षा शहाणी झालीस का? मी म्हटलं, लेखकानंच लिहिलंय. तर म्हणाले, शोकांतिका आहे ना? मग शोकांतिकेत माणूस जिवंत राहून करणार काय?”

“आणि मुलं?”

“हसली. माझ्यावर.”

शाळेत तरी बाईंनी हा अंक शिकवला असेल, असं मला वाटलं होतं. पण शाळेत चौथा अंक संपेपर्यंत सराव परीक्षा येते, आणि बाई ‘पाचवा तुम्ही घरी वाचा गं’ म्हणून मोकळ्या होतात. घरी कोण वाचतंय? बोर्डानंही पाचव्या अंकावर कधी प्रश्न विचारला नव्हता. थोडक्यात, त्या अंकाकडे कुणीच फिरकत नव्हतं, आणि त्यात एक माणूस बिचारा जिवंत बसला होता.

मी तिला म्हटलं, “बाळा, तो मेला काय, जगला काय, तुला त्याच्याशी लग्न करायचंय का? सर सांगतात तसं लिही. नर्स झालीस की वाचव कुणाला वाचवायचं ते.”

तिनं दप्तर काढून खुंटीला लावलं.

त्याच वर्षी बोर्डाला काय बुद्धी झाली कोण जाणे, प्रश्न आला: शेवटच्या अंकातील नावाड्याचे महत्त्व स्पष्ट करा. सरांच्या क्लासची मुलं खूश! करंगळी सगळ्यांना पाठ. ‘नावाड्याचा मृत्यू हा या शोकांतिकेच्या गळ्यातील अखेरचा मणी होय’, हे सरांचं लाडकं वाक्य. काना-मात्रेसकट उतरलं. मुलं बाहेर येऊन एकमेकांना टाळ्या देत होती.

निकाल लागला आणि या सगळ्या मुलांच्या नावापुढे छापून आलं: राखून ठेवला. सामूहिक नक्कल केल्याचा संशय. चौकशीला पालकांसह हजर राहावे.

कॉपी! माझ्या मुलीनं! जिला मैत्रिणीसारखा ड्रेस शिवायलाही संकोच वाटतो, तिनं? आणि महिनाअखेर आठवड्यावर आलेली. नर्सिंग कॉलेजात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, “आमच्याकडे नियम सगळ्यांना सारखाच. तुमची मुलगी दोषी असो नसो, निकाल नसला की नाही.” इतक्या शांतपणे म्हणाली, की तीही नर्सच असणार.

सगळे पालक इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर जमलो. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला.

“घाबरू नका. मुलांनी एवढंच सांगायचं, आम्ही एकत्र अभ्यास केला. क्लासचं नाव घ्यायचं नाही. क्लासचं नाव आलं की प्रकरण वाढतं.”

“कुणाचं वाढतं, सर?” टायरचं दुकान असलेले एक वडील खालून ओरडले. त्यांचा मुलगाही अडकला होता. “आमच्या पोराचं की तुमचं?”

“भावनेच्या भरात बोलू नका.”

“भरात? मी अजून भरलोच नाही!”

गर्दी पांगल्यावर मी वर गेले. सर टेबलाशी बसले होते. समोर चहा, त्यावर साय धरलेली. बायको दाराजवळच्या तिच्या जागेवर, पण समोर काढायला चपला नव्हत्या.

मी म्हटलं, “सर, तुम्ही येऊन सांगा, की हे तुम्ही शिकवलंत. दुसरं काही नको.”

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या. हा क्लास म्हणजे नौका आहे. मी नावाडी. मीच नौकेला भोक पाडलं तर पुढच्या वर्षीची मुलं कुठं जातील?”

“पुढच्या वर्षीची जातील कुठंही. या वर्षीची पाण्यात आहेत.”

“रूपकाला रूपकानं उत्तर देऊ नये,” सर म्हणाले. सवय जात नाही माणसाची.

 त्यांची बायको उठली, आत गेली आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन आली. खालच्या दुकानात त्यांचे कपडे फुकट होतात.

“घाला हा. आणि जा.”

“अगं, चूक कबूल करायची म्हणजे मरणच की.”

“काही मरण नाही. यांची पोरगी त्या दिवशी जिन्यात रडत बसली होती. सांगत होती मला, नावाडी जगतो म्हणून. तो जगला ना? मग तुम्हीही जगाल. तुम्ही कसले मरताय! लग्न झाल्यापासून बघतेय मी.”

सरांनी शर्ट घेतला. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी घरी येऊन दार लावलं की नाही ते दोनदा बघितलं.

बोर्डाचं कार्यालय म्हणजे एक लांबच लांब व्हरांडा, त्यात एकमेकांना साखळीनं बांधलेल्या खुर्च्या. लोक खुर्च्या चोरतात, की खुर्च्या पळून जातात, देव जाणे. मुलं ओळीनं बसली होती आणि सगळ्यांची बोटं हलत होती. कुणी अंगठ्यावर, कुणी अनामिकेवर. शिपाई त्यांच्याकडे संशयानं बघत होता. जप करतायत की खुणा करतायत, त्याला कळेना. सर आले होते. भिंतीला टेकून, पिशवी पोटाशी धरून उभे. टायरवाले त्यांच्याकडे पाहत नव्हते आणि ते सगळ्यांना कळेल अशा बेतानं पाहत नव्हते.

माझ्या लेकीचं नाव पहिलं पुकारलं. पालक म्हणून मलाही आत घेतलं. तिघांची समिती, पण बोलत होत्या एकट्या अध्यक्षबाई. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

“हा अखेरचा मणी,” त्या म्हणाल्या, “अख्ख्या गठ्ठ्यात ओवलाय. वाचून वाचून माझ्या परीक्षकाचं डोकं फिरलं. आणि नावाडी मरतच नाही, हे तुमच्यापैकी एकालाही माहीत नाही? चूकसुद्धा एकच? यालाच आम्ही नक्कल म्हणतो.” मग त्यांनी एक उत्तरपत्रिका पुढे ओढली. “तुझी मात्र गंमत आहे. तूही मणी लिहिलास. नावाडी मेला, असं लिहिलंस. आणि खाली त्याचं शेवटचं भाषण लिहिलंस. अगदी बरोबर. मेलेला माणूस बोलतो कसा गं?”

 मला यातलं काही माहीत नव्हतं.

लेक म्हणाली, “बाई, मरण सरांचं आहे. भाषण लेखकाचं आहे.”

“म्हणजे?”

“सरांनी सांगितलं, तो मरतो. आई म्हणाली, सरांचं लिही. पण मी वाचलं होतं. मग एवढं चांगलं भाषण सोडवेना. म्हणून दोन्ही लिहिलं.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. तो दोरीवर लोंबकळला. “कोणते सर?”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. शिपायानं दार अर्धवटच लावलं होतं, आणि सर फटीतून कान देऊन उभे होते. आता पळायचं तर व्हरांडा लांब, आणि व्हरांड्यात टायरवाले. सर आत आले.

“मी शिकवतो यांना. यात आवृत्तीभेद आहे, बाई.”

“कोणती आवृत्ती?”

“माझी.”

“बघू.”

त्यांनी पिशवीतून तपकिरी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलेलं. अध्यक्षबाईंनी थेट शेवट उघडला. पुस्तक चौथ्या अंकात, नावाड्याच्या वाक्याच्या मधोमध संपत होतं: ‘महाराज, पाणी आत येतंय, आता मी’... आणि पुढे पुठ्ठा.

“यापुढचं?”

“यापुढचं,” सर म्हणाले, “मी शिकवत आलो.”

“न वाचता?”

“शोकांतिका आहे, बाई. अंदाज येतो.”

समितीतल्या एका गृहस्थांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

“इतक्या वर्षांत पूर्ण प्रत घ्यावीशी वाटली नाही?”

सरांनी हात वर केला, नेहमीसारखा, पाची बोटं पसरून. बहुधा काहीतरी समजावून सांगायला. मग त्या हाताकडे स्वतःच पाहिलं. आणि खाली घेतला.

“गरज पडली नाही,” ते म्हणाले. आवाज क्लासमधला नव्हता. “पोरं पास होत होती. पण या पोरांनी कुणाचं बघून लिहिलं नाही, बाई. चूक माझी आहे. बघून लिहायची त्यांना गरजच नव्हती. तुम्ही कुणालाही बोलवा आणि राणी विचारा.”

कबुलीतसुद्धा जाहिरात! पण अध्यक्षबाईंनी खरंच बोलावलं. मुलं दाटीवाटीनं आत आली. “राणीचा स्वभाव?” असं विचारायचा अवकाश, सगळ्यांनी अनामिका वर केली आणि एका सुरात म्हटलं, “सोशिक, सोशिक आणि अतिसोशिक!” टायरवाल्यांच्या मुलानं तर डोळे मिटून म्हटलं. खोकणाऱ्या गृहस्थांना बाहेर जावं लागलं.

अध्यक्षबाईंनी गठ्ठा बांधला. “नक्कल नाही,” त्या कारकुनाला म्हणाल्या. “नक्कल असती तर बरं झालं असतं. लिहा.”

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी निकाल सुटले. त्या प्रश्नाला बाकीच्यांना भोपळा. माझ्या लेकीला अर्धे गुण: मरणाचे कापले, भाषणाचे दिले. नर्सिंग कॉलेजातल्या त्या शांत बाईनं कागद घेतला, शिक्का मारला आणि त्याच शांतपणे म्हणाली, “गणवेश पांढरा, केस बांधलेले.” मी रस्त्यात येऊन रडले. लेक म्हणाली, “आई, लोक बघतायत. अतिसोशिक हो जरा.”

आता तुम्हाला वाटेल, सरांचा क्लास बुडाला. मलाही तसं वाटलं होतं. शोकांतिका म्हटल्यावर अंदाज येतो ना! पंधरवड्यात जिन्यावर नवा फलक लागला: ‘बोर्डाच्या चौकशीत निर्दोष ठरलेला एकमेव क्लास. शब्दन्‌शब्द पाठ करून घेतला जाईल.’ खाली रांग. रांगेत टायरवाले, धाकट्या मुलीला घेऊन. माझी त्यांच्याशी नजरानजर झाली तेव्हा ते म्हणाले, “काय करणार, ताई? बाकीचे क्लासवाले पुस्तक वाचायला लावतात म्हणे.” मी हसले. मग आठवलं, माझा धाकटा दोन वर्षांनी बारावीला जाईल. हसू आवरलं.

वसतिगृहात जाण्याआधी लेक तिचं पुस्तक परत आणायला गेली. चौकशीनंतर सरांनी ते पाचव्या अंकासाठी मागून नेलं होतं. मी सोबत होते. पुस्तक टेबलावर होतं. तिनं घातलेली खूण जिथल्या तिथं, पान हललं नव्हतं.

“वेळच झाला नाही गं, नवीन प्रवेश चालू आहेत,” सर म्हणाले. “असं कर, तूच सांग थोडक्यात. काय म्हणतो तो शेवटी?”

“अहो, दोन पानं आहेत,” त्यांची बायको दारातून म्हणाली. “मरण येणार नाही वाचून.”

लेकीनं पुस्तक उघडलंच नाही. तिला पाठ होतं, बोटांशिवाय. नावाडी काठावर उभा आहे. राजा, राणी, प्रधान बुडालेत. पलीकडच्या तीरावरून राजपुत्रानं आईबापांसाठी उडी टाकली, तोही गेलाय. दरबारी लोक नावाड्याला विचारतात, तू कसा वाचलास? तो म्हणतो, ‘मला पोहता येत होतं, एवढाच माझा गुन्हा. ओझं जास्त आहे, हे मी सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला माझा आवाज ऐकू आला नाही, आता माझं मौन ऐकू येतंय. गेलेल्यांची गाणी तुम्ही रचा. मला दुसरी नाव बघू द्या. पलीकडे माणसं खोळंबली आहेत.’

सर खाली बघत होते. खालून इस्त्रीचा वाफारा येत होता.  मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. ज्यानं उभा जन्म एका माणसाला दरवर्षी मारलं, त्यानं बोलावं असं काहीतरी.

सरांनी करंगळी वर केली. तिच्या टोकाच्या पेरावर अंगठा ठेवला, जिथं नावाडी मरायचा.

“हे सगळं,” ते म्हणाले, “एका पेरात बसेल का गं?”

“नाही बसत, सर.”

“बसवू,” सर म्हणाले, आणि चार पेनांतून चालणारं शोधायला लागले.